आमच्या देवदाराचा हळद्या

किस्से तणासारखे असतात, पेरावे लागत नाहीत. माझं झाड अजून माझ्या कमरेला लागलेलं नाही, पण त्याच्या गोष्टी पेडगाव रोडवरच्या चहाच्या टपरीत पार डोक्यावरून गेल्यात. रोज सकाळी मी तिथं चहाला जातो आणि माझीच फजिती दुसऱ्याच्या तोंडून, मीठमसाला लावून ऐकतो. म्हटलं, मूळ मालकानंच एकदा सांगून टाकावं!

मी कृषी सहायक म्हणून रिटायर झालो. आयुष्य गेलं सोयाबीनच्या बांधावर. आमच्याकडं सोयाबीनवर पिवळा मोझॅक येतो, त्याला लोक हळद्या म्हणतात. पांढरी माशी तो रोग झाडाझाडांवर पसरवते, म्हणून रोगट झाड दिसलं की उपटून गाडायचं. गावोगावच्या सभेत मी टेबलावर हात आपटून ओरडायचो, "पिवळं दिसलं की उपटा! वाट बघू नका, दया दाखवू नका, साहेबाला विचारत बसू नका!" टाळ्या पडायच्या. पेडगावचा मुंजाजी पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घ्यायचा. माझं सगळं खरं मानणारा तालुक्यातला तो एकमेव शेतकरी. घरात तर तेवढाही कुणी नव्हता.

*

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं हिमाचलला गेलो. सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, बर्फ बघत होती आणि मी हॉटेलच्या अंगणातलं झाड. देवदारच, पण सुया पिवळ्याधमक! सकाळच्या उन्हात असं झळकत होतं की माझा चहा हातातच गार झाला. माळ्यानं सांगितलं, ही देवदाराची सोनेरी जात, कलम करून वाढवतात. मी तिथल्या नर्सरीतून हातभर उंचीचं एक कलम उचललं.

सुमन म्हणाली, "अहो, परभणीच्या उन्हात माणसं करपतात. हे कसं जगंल?"

"शास्त्र नावाची काही गोष्ट असते!" मी म्हणालो. पुढं वर्षभर हे वाक्य ती मला रोज ऐकवत आली.

परतीच्या गाडीत देवदार ओल्या गोणपाटात गुंडाळून खालच्या बर्थवर आणि सुमन वरच्या. सकाळी एका बाईंनी विचारलं, "खाली कोण झोपलंय हो?"

वरून उत्तर आलं, "जावईबापू. म्हणून तर सासू वर चढलीय!"

*

झाड लावायच्या आधी मी पाटी रंगवून घेतली, 'सुवर्णदेवदार'. घराचंच नाव! काळ्या मातीत पाणी साचतं म्हणून खड्ड्यात मुरूम, वाळू घातली, उंचवटा केला, आणि फाटकावर पाटी ठोकून बसलो कौतुक ऐकायला.

पहिले आले खलीलभाई. फाट्यावर त्यांचं खतं-औषधांचं दुकान आहे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी झाड न्याहाळलं आणि म्हणाले, "साब, इसकू तो कावीळ हो गई!"

मी समजावलं, रंग जन्मजात आहे. दुसऱ्या दिवशी पुडी घेऊन हजर! "फेरस सल्फेट है. जन्म का भी जाता."

मुंजाजी तर झाडापुढं उकिडवा बसला. सुया बोटांनी उलट्यापालट्या करून पांढरी माशी शोधली. मग माझ्याकडं फार दुःखानं बघितलं. "साहेब, हळद्याच हाय."

"अरे, ही सोनेरी जात आहे!"

"म्हंजी माज्या रानात पिवळं पडलं तर रोग, अन् तुमच्या अंगनात पडलं तर जात व्हय?"

 

*

बिराजीमामा मेंढरं-शेळ्या घेऊन आमच्या मागच्या माळावर येतात. एकदा फाटक उघडं राहिलं आणि त्यांची एक शेळी थेट देवदारापाशी! मी ओरडत धावलो. शेळीनं सुया हुंगल्या, शिंकली आणि शेजारचं सुमनचं जास्वंद संपवायला लागली.

खरं म्हणजे मी पेढे वाटायला हवे होते. पण मला अपमान वाटला! मी म्हणालो, "मामा, हिला कळतं का काही? हिमालयातलं झाड आहे!"

मामा शांतपणे म्हणाले, "बाभळीचे काटे खाती साहेब ती. तिनं सोडलं म्हंजी तुमीच इचार करा."

*

मग आला मे महिना. उन्हाचं वर्णन करत नाही, परभणीच्या माणसाला गरज नाही आणि बाहेरच्याला खरं वाटणार नाही. देवदाराच्या सुया टोकाला तांबूस पडायला लागल्या. मी दुहेरी हिरवी जाळी बांधली, बुंध्याला पाचट अंथरलं, सकाळ-संध्याकाळ फवारा सुरू केला. तरी मन मानेना. शेवटी घरातला कूलर ओढत अंगणात आणला आणि झाडाकडं तोंड करून लावला.

नेमके त्याच दुपारी नांदेडहून व्याही आले. हॉलमध्ये पाच मिनिटं वर्तमानपत्रानं वारा घेतला. मग खुर्ची उचलली आणि बाहेर जाळीत, देवदाराशेजारी जाऊन बसले. सुमन सरबत घेऊन गेली तर म्हणाले, "विहीणबाई, जेवायलाबी हितंच वाढा. यजमानांना म्हनावं, आमालाबी झाड समजा!"

*

झाड जगलं! पण सोनेरी रंगाला ऊन लागतं, आणि मी तर त्याला तीन महिने सावलीत कोंडलं होतं. जुलैत बघतो तर देवदार चक्क हिरवा. कडुलिंबासारखा हिरवा!

मी तोंड पाडून बसलो होतो, तेवढ्यात मुंजाजी नारळ घेऊन आला. "गुन आला साहेब! हळद्या गेला!" त्यानं झाडापुढं नारळ फोडला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खलीलभाईंनी खोबरं खात जाहीर केलं, "मेरी पुडी का असर है." मी पुडी कधी फोडलीच नव्हती, पण सांगणार कुणाला?

त्याच संध्याकाळी सुमननं फाटकावरची पाटी काढली आणि पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. मापात बसली. म्हणाली, "ज्या दिवशी त्या झाडावर सोनं दिसंल, त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं ठोकीन."

टपरीवर लोक विचारायला लागले, "साहेब, घराचं नाव पान्यात गेलं म्हनं?" हसतो आपण, पण लागतं. उभ्या जन्मात मी स्वतःच्या हौसेनं एकच झाड लावलं, तेही सल्ला न घेता. ते सोनेरी झालेलं तिनं एकदा बघावं, एवढंच मला हवं होतं.

*

दिवाळीनंतर मी जाळी काढली. हिवाळाभर कोवळं ऊन मिळालं. थंडी सरता सरता एका सकाळी बघतो तर प्रत्येक फांदीच्या टोकाला नवा फुटवा, आणि तो पिवळाधमक! अगदी हिमाचलसारखा. खरं सांगतो, मी अंगणात एकटाच नाचलो.

सुमन तेव्हा नांदेडला लेकीकडं होती. फोटो पाठवला तर म्हणाली, "फोटोत मीपण गोरी दिसते. डोळ्यांनी बघीन तेव्हा खरं."

म्हटलं, आणतोच! मुंजाजीकडं फाटकाची किल्ली दिली. "दोन दिवस झाडाला पाणी घाल. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव."

"काळजीच करू नका साहेब."

तिसऱ्या दिवशी आम्ही रिक्षातून उतरलो. वाटेत मी इतकं वर्णन केलं होतं की सुमन झाडाकडं न बघताच आधी पिंपाकडं गेली. पाटी उचलली, पदरानं पुसली, हातोडी मागितली आणि मग वळली.

झाड हिरवंगार होतं. एकूण एक फांदीचं टोक खुडलेलं. खाली एक छोटासा खड्डा, नीट माती लोटून बुजवलेला. शेजारी मुंजाजी उभा, बोटांना चीक, चेहऱ्यावर समाधान.

"परत आला होता साहेब! तुमची पाठ फिरली अन् मला दिसला. एक टोक ठिवलं न्हाई, समदं गाडलं."

 मी म्हणालो, "अरे, मला एक फोन तरी करायचास!"

मुंजाजी जरा दुखावला. खिशातून ती जुनी वही काढली, थुंकी लावून पान उलटलं आणि ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढं धरली.

"करनारच होतो साहेब. पन तुमीच सांगितलंय न्हाई का, साहेबाला विचारत बसू नका!"