बसून न जमणारा यमन

विद्यापीठात एम.ए. संगीताला आमच्या वर्गात घिवलीचे एक काका होते. तीस वर्षं बोईसरच्या वरातींत क्लॅरिनेट वाजवत आलेले. बोलण्याआधी ते गाल फुगवून असा श्वास घेत, की सगळा वर्ग आपोआप गप्प होई.

प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांना गादीवर बसवून यमन वाजवायला सांगितला. सूरच फुटेना.

"सर, आमी कधी बसून वाजवलंच नाय. उभा राहू?"

"राहा."

मग यमन असा खुलला, की पुढचा नंबर माझा आहे हे मी विसरलो. पण पाय वरातीतले! वाजवता वाजवता काका दाराबाहेर पडले आणि व्हरांड्यातून थेट जिन्यापर्यंत गेले. परीक्षक गुणांचा कागद घेऊन मागोमाग.

काकांनी वळून पाहिलं आणि दचकून थांबले. "नापास काय, सर?"

"ते नंतर," परीक्षक म्हणाले, "थांबलात कशाला?"