चार नंबरची थरथर

घड्याळमामांना मामा म्हणणाऱ्यांपैकी एकही त्यांचा भाचा नव्हता. हाडांच्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, कपडे धुण्याच्या खोलीला लागून एक लांबट खोली होती. तिथे ते माणसांचं चालणं मोजत. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. मग लोकांच्या खिशात फोन आले, मनगटं मोकळी झाली आणि मामांचं दुकान बंद पडलं. दवाखान्याने त्यांना घेतलं ते एकाच गुणासाठी. चालणं मोजणाऱ्या सेन्सरचे स्क्रू इतके बारीक होते, की ते न हरवता उघडणारा दुसरा माणूस मिळेना. कॉम्प्युटर ते तिथेच शिकले, कुणालाही न विचारता. विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पेशंट आला की मामा त्याच्या दोन मांड्यांना आणि दोन नडग्यांना काडेपेटीएवढे चार सेन्सर पट्ट्याने घट्ट बांधत. प्रत्येकावर मामींच्या नेलपॉलिशने नंबर घातलेला. चार नंबर नेहमी उजव्या नडगीला. पेशंट जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीवरून बारा पावलं जाई, बारा पावलं येई. तेवढ्या वेळात प्रत्येक सेन्सर सेकंदाला शंभर वेळा सांगे, की पाय किती कलला. शंभर आकडे, एकाखाली एक. त्यांची कॉम्प्युटरवर रेघ उमटे. रेघ पाण्यावरच्या लाटेसारखी गुळगुळीत आली तर पाय बरा. कंगव्यासारखी आली तर पायात थरथर.

वायरमनची रेघ दोनदा कंगव्यासारखी आली होती.

हा वायरमन वर्षापूर्वी विजेच्या खांबावरून पडला होता. उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली, मग जुळली. पण त्याच्या ऑफिसचा नियम होता. तीन तपासण्या करायच्या, आणि तिन्हींत थरथर निघाली तर खांब कायमचा बंद. तोवर त्याला तक्रारींच्या फोनवर बसवलं होतं. तिसरी तपासणी सोमवारी होती.

शनिवारी तो तारखेची चौकशी करायला आला. बोलता बोलता बुटात खडा गेला म्हणून उजव्या पायावर उभा राहिला, डावा बूट काढला, झटकला, आत डोकावून पाहिलं आणि परत घातला.

"मामा, फोनवर बसून बसून आता पाय राहू दे, कानच मोडायचा," तो म्हणाला. "काल एक बाई तासभर भांडली. शेवटी कळलं, वीज होती, बल्ब गेला होता."

"खांबावर बरं होतं?"

"खांब भांडत नाही."

मामा त्याच्या उजव्या नडगीकडे बघत होते. ती खुंटीसारखी स्थिर होती. वायरमन गेल्यावर ते डॉक्टर मॅडमकडे गेले आणि पाहिलं ते सांगितलं.

मॅडमनी चष्मा वर केला. "मामा, डोळ्यांनीच ठरवायचं होतं, तर एवढं मशीन कशाला आणलं?"

मामांनी मॅडमची परवानगी घेतली, चारही सेन्सर पिशवीत घातले, कॉम्प्युटर काखेत मारला आणि घरी नेला.

मामांच्या घरी सासऱ्यांनी दिलेलं लंबकाचं घड्याळ होतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी त्याची काच उघडली आणि लंबकाला चार नंबर बांधला.

मामी भांडी पुसत बाहेर आल्या. "अहो, माझ्या बाबांच्या घड्याळाला काय झालं?"

"काही नाही. चालणं बघतोय."

"ते जागेवरच असतं. तुमच्यासारखंच."

लंबक संथ हलत होता. त्याला गुडघा नव्हता, तो कुठून पडलाही नव्हता. पण कॉम्प्युटरवर रेघ आली ती कंगव्यासारखी. मामांनी तीन नंबर बांधला. रेघ लाटेसारखी आली. परत चार नंबर बांधला. परत कंगवा. म्हणजे थरथर वायरमनच्या पायात नव्हती, ती चार नंबरच्या पोटात होती.

त्यांनी आकडे उघडले. मिनिटाला सहा हजार हवे होते, सहा हजारच होते. मोजणी चोख. म्हणूनच कुणाला शंका आली नव्हती. मग मामांनी पट्टी घेतली आणि पडद्यावर एकेक ओळ सरकवत वाचायला लागले. बारा, बारा. चौदा, चौदा. सतरा, सतरा. प्रत्येक आकडा दोनदा. पाय एका क्षणाला थांबे आणि पुढच्या क्षणाला दुप्पट उडी घेई, निदान कागदावर. कॉम्प्युटर त्या प्रत्येक उडीला थरथर समजत होता.

मामांनी पट्टी खाली ठेवली. आता त्यांना सगळं आठवलं. चार महिन्यांपूर्वी मूळचा चार नंबर जमिनीवर पडून फुटला होता. त्यांनी कपाटातला जुना सेन्सर काढून त्याच्यावर नेलपॉलिश लावलं होतं. हा जुना गडी सेकंदाला पन्नासदाच बोलायचा. कॉम्प्युटर मात्र शंभरदा विचारायचा, त्यामुळे निम्मे रकाने रिकामे राहायचे. मॅडम म्हणाल्या होत्या, "मामा, ही भोकं कसली?" मामांना वाटलं, आकडे वाटेत हरवतायत. आणि ज्याने आयुष्यभर घड्याळं नीट केली, त्याला चुकलेला ठोका सहन होत नाही. सेटिंगमध्ये एक ओळ होती, 'रिकामी जागा मागच्या आकड्याने भरा'. मामांनी तिच्यापुढे खूण केली होती. भोकं बुजली होती. मॅडमनी शाबासकीही दिली होती.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

"चूक सापडली."

"कुणाची?"

मामांनी घड्याळाची काच लावली. "माझी."

उद्या गुपचूप दुसरा सेन्सर बांधला असता तर वायरमन पास झाला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. मामींनी हे बोलूनही दाखवलं. मामा म्हणाले, "त्या चार महिन्यांत तो एकटाच चालला नाही." मामींनी चहा ठेवला.

सोमवारी सकाळी ते मॅडमसमोर उभे राहिले आणि फुटलेल्या सेन्सरपासून खुणेपर्यंत सगळं ओळीने सांगितलं. आवाज रोजचाच होता.

"किती पेशंट?" मॅडमनी विचारलं.

"सव्वीस."

"सगळ्यांच्या उजव्या पायात थरथर?"

"सगळ्यांच्या."

मॅडम खिडकीकडे वळल्या. "त्या रिटायर्ड बाईंना मी वाळूची पिशवी दिली होती. पायाला बांधून रोज दोन फेऱ्या."

"त्या मारतात फेऱ्या. परवाच भेटल्या. म्हणाल्या, थरथर गेली."

मॅडमनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "जुने आकडे सुधारता येतील?"

"खरे आकडे आतच आहेत. जोडीतला एक काढायचा."

मामा कामाला बसले. आधी सेटिंगमधली ती खूण काढली. वायरमनच्या दोन्ही तपासण्यांमधला प्रत्येक दुसरा आकडा त्यांनी काढला. रेघ गुळगुळीत आली, पण त्या रेघेवरून वायरमन दवाखान्यात चक्क पळत सुटला होता. आकडे निम्मे झाले होते, आणि कॉम्प्युटर अजून सेकंदाला शंभरच धरून बसला होता. मामांनी तिथे पन्नास लिहिलं. वायरमन पळायचा थांबला आणि माणसासारखा चालू लागला.

खरा वायरमन अकराला आला. मामांनी एक नंबर उजव्या नडगीला बांधला, चार नंबर ड्रॉवरमध्ये उताणा ठेवला.

"मामा, आज चार नंबर नाही?"

"चाल तू."

बारा पावलं गेला, बारा पावलं आला. मॅडमनी तिन्ही रेघा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. "थरथर नाही," त्या म्हणाल्या. "किंचित लंगडतोस. ते मात्र खरं आहे."

"लंगडून चढता येतं," वायरमन घाईने म्हणाला. "चढताना कोण बघतंय?"

मॅडमनी सही केली आणि कागद मामांकडे सरकवला. "आता उरलेले पंचवीस. फोन तुम्हीच करायचे."

मामांनी पंचवीस फोन केले. प्रत्येकाला तेच सांगितलं, की थरथर तुमच्या पायात नव्हती, आमच्या सेन्सरमध्ये होती, आणि चूक माझी. चौघे चिडले, दोघे रडले, रिटायर्ड बाईंनी पिशवी सोडायला साफ नकार दिला. सासऱ्यांचं घड्याळ आता त्या लांबट खोलीत लागलं आहे. रोज सकाळी, नव्या चार नंबरसकट, चारही सेन्सर आधी लंबकाला बांधले जातात, मग माणसांना. मामी अजून घड्याळ परत मागतात.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्याची वीज गेली. मागच्या खांबाला शिडी लागली. मामा खिडकीत उभे होते, मॅडम येऊन शेजारी उभ्या राहिल्या. वर एक माणूस उजवा पाय किंचित उशिरा टेकवत चढत होता.

"काय मामा," मॅडम म्हणाल्या, "डोळ्यांना काय दिसतंय?"

"चढतोय," मामा म्हणाले.

वीज आली. कॉम्प्युटर सुरू झाला, आणि मामांनी सगळ्यात आधी सेटिंगमधली 'रिकामी जागा' भरायची ती ओळ तपासली. तिच्यापुढे खूण नव्हती.