ते देवीचं निशाण नव्हतं

ही हकिगत आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी ती नेहमी अर्धीच सांगत आलो. उरलेली अर्धी बायकोलाही ठाऊक नाही.

नव्वदनंतरची वर्षं. आम्ही खानदेशातून सुरतेला येऊन नवागामला राहत होतो आणि मी लूमवर होतो. मंगल, आमची एकुलती मुलगी, काविळीने पार वाळून गेली होती. खाडीच्या मुखाशी देवीचं एक लहान ठाणं आहे. पोर बरी झाली तर अनवाणी येऊन हिरव्या साडीने ओटी भरेन, असं बायको तिथल्या देवीला बोलली. मंगल बरी झाली. मला मात्र नवसाचा भरवसा नव्हता. औषधाने उतरली, असं मी मनात म्हणायचो.

ठाण्याकडे दोन वाटा जातात. एक समुद्राला लागून, जवळची. दुसरी मिठागरांमागून, बऱ्याच लांबची. किनाऱ्याच्या वाटेवर एका ठिकाणी फौजेचा गोळीबाराचा सराव चालतो. सराव असला की लाल बावटा चढवतात आणि ती वाट बंद असते. ओटी भरायला निघालो त्या सकाळी फाट्यावरच्या चहावाल्याने मला बजावलं होतं, "आजे वावटो छे, भाई. अंदरथी जजो." आज बावटा आहे, आतल्या वाटेने जा, असं. बायको तेव्हा मंगलला घेऊन हातपंपावर गेली होती. मी तिला काहीच सांगितलं नाही. रात्रपाळीला पोहोचायचं होतं, लांबच्या वाटेने उशीर झाला असता. आणि खरं सांगायचं तर, हे लोक उगाच घाबरवतात असंही वाटलं.

ओटीची पाटी बायकोच्या डोक्यावर होती. आमच्यात अशी पाटी एकदा उचलली की देवीच्या पायाशीच उतरवतात, मध्ये जमिनीला टेकवत नाहीत. मंगल माझ्या खांद्यावर होती. काठीवर फडफडणारं लाल फडकं तिलाच आधी दिसलं.

"आबा, ते काय?"

"देवीचं निशाण," मी म्हणालो.

बायकोने पाटी सावरत एका हाताने त्याला नमस्कार केला. तो हात मला अजून दिसतो.

थोडं पुढे गेलो तर चिखलातून हाक आली. निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, धरायला उतरलेली एक म्हातारी मांडीपर्यंत रुतली होती. भरतीचं पाणी तिच्यामागून हळूहळू चढत होतं. मी थांबलो, पण माझं लक्ष पाटीकडे.

"पाटी खाले ठेवू नको," मी म्हणालो. "मी पाहतो."

"तिना पाय फसेल शे, आन तुमले पाटीनं पडेल शे!" असं म्हणत बायकोने पाटी सरळ वाळूत ठेवली. "देवीले मी सांगसू." आणि देवीची कोरी साडी उलगडून तिचं टोक म्हातारीकडे फेकलं. मंगलला खाली उतरवून मीही लागलो. साडी चिखलाने माखली. बराच वेळ आम्ही ओढत होतो. शेवटी म्हातारी सुटली आणि आम्ही तिघं एकमेकांवर कोसळलो. मंगल खदखदून हसली.

त्याच वेळी पहिला आवाज झाला. पोटात हादरा बसेल असा. पुढे, आमच्याच वाटेवर, वाळू उंच उडाली. मग दुसरा. मंगलचं हसू तिथेच थांबलं.

म्हातारी माझ्यावर तडकली. "लाल वावटो नी देखाय? आंधळो छे के हूं? छोकरीने लईने चाल्यो!"

मी तोंड उघडण्याआधी बायकोच बोलली, "त्यासले काय माहीत, बाई. आम्ही आठला नहीत." आम्ही इथले नाही, म्हणून माहीत नाही, असं तिचं म्हणणं.

मी मंगलला पुन्हा खांद्यावर घेतलं.

म्हातारीने आम्हाला मागे फिरवून मिठागरांमागच्या वाटेवर आणून सोडलं. जाताना म्हणाली, बावटा दिसला की पाय मागे घ्यायचा, उतरलेला दिसला तरी गावात विचारूनच जायचं, आणि वाळूत धातूचं काही दिसलं तर पोरीला हात लावू द्यायचा नाही. ती थंडीने कुडकुडत होती. बायकोने ती साडीच तिला गुंडाळली. देवीपुढे आम्ही नुसता नारळ ठेवला. बायको म्हणाली, साडी देवीने वाटेतच नेसून घेतली.

ती देवी होती की निवट्या धरणारी बाई, हे ठरवणं माझं काम नाही. एवढं कळतं की पाटी माझ्या डोक्यावर असती तर मी ती खाली ठेवली नसती. शरण जाणं म्हणजे नेम घट्ट धरून ठेवणं, असं मी समजत होतो. त्या दिवशी ज्या हातांनी तो सोडला, त्याच हातांनी माझी पोर वाचली.

तेव्हापासून दरवर्षी, ठाण्यावर ओट्या भरतात त्या दिवशी, मी त्या फाट्यावर उभा राहतो आणि येणाऱ्यांना आतल्या वाटेला लावतो. लोक मला भाविक म्हणतात. मंगलचं लग्न झालं, तिला मुलं आहेत. तिची आई अजून सगळ्यांना सांगते, "यासले काहीच माहीत नव्हतं."

मला माहीत होतं. हे तिला तोंडाने सांगायचं अजून राहिलं आहे.