लाल आकड्यांचा कॅल्क्युलेटर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, लग्नाच्या वरातीनंतर शेतात बसून दोन घोट घेतलेल्या मित्रांनाही नाही — आणि तिथे माणूस काय काय ओकतो, तुम्हाला ठाऊक असेलच. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. मला धीर आलाय असं मात्र समजू नका.

मोबाइलपासून सुरू करतो. खरी सुरुवात तिथली नाहीच, पण तिथून बोलणं सोपं जातं.

नारायणगावात माझं जमीनमोजणीचं छोटं ऑफिस आहे. आता आमच्या धंद्यात डोकं लागत नाही. यंत्र परस्पर उपग्रहाशी बोलतं, आकडे आपोआप येतात, आपण टोपी घालून बांधावर उभं राहायचं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मोबाइल चाळत बसलो होतो, तर एक भलतीच गंमत सापडली. जुन्या काळचे सायंटिफिक कॅल्क्युलेटर कुणीकुणी हुबेहूब मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेत. तेच रंग, त्याच बटनांच्या ओळी, दाबलं की तोच टक् आवाज. मोबाइलमध्ये साधा कॅल्क्युलेटर असताना हे उद्योग कोण करतं? पण करतात लोक. फुकट वाटतात वर.

यादीत खाली जाता जाता तो दिसला. काळा, जाडजूड, आकडे लाल. वरच्या कडेला डाव्या हाताला छोटा सरकवायचा खटका. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. रस्त्यावरून टोमॅटोचे टेम्पो जात होते, ते मोजत बसलो. किती वेळ, ते आठवत नाही.

तो कॅल्क्युलेटर मिलिंदचा होता.

मिलिंद माझ्याच गावचा, पिंपरी पेंढारचा. शाळेत एका बाकावर, मग डिप्लोमाला एका खोलीवर, मग एकाच साहेबांकडे नोकरीला. साहेब खाजगी सर्व्हेअर होते, पाण्याच्या योजनांची मोजणी घ्यायचे. मिलिंदचा चुलता पुण्याला कारखान्यात होता. त्याला तिथल्या कुण्या परदेशी इंजिनिअरने जाताना तो कॅल्क्युलेटर दिला होता, आणि चुलत्याने पुतण्या पास झाला म्हणून त्याच्या हातात ठेवला. जुनाच होता तेव्हाही. त्याला बरोबरची खूणच नव्हती. आधी दोन्ही आकडे द्यायचे आणि मग सांगायचं, यांचं काय करायचं ते. साहेबांनाही ते कधी जमलं नाही. मिलिंदला जमायचं. आणि मला, कारण त्याने मला शिकवलं — पिंपळाच्या पारावर बसून, न कंटाळता, चार संध्याकाळी.

आमच्या घरी तो यायचा तेव्हा त्याला चहा ओसरीवर मिळायचा. कप वेगळा. तो कप कोनाड्यात पालथा असायचा आणि दुसऱ्या कुणाला दिला जात नसे. त्यांच्या घराने बाबासाहेबांच्या मागे जाऊन धम्म घेतला त्याला तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. आमच्या कोनाड्यापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. मला हे दिसत होतं का? दिसत होतं. मी कधी बोललो का? नाही. पण ही कबुली त्या कपाची नाही — असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता तेवढीशी खात्री नाही.

तर, लोणीच्या पुढच्या एका गावाचं काम आलं. गावाचं नाव नको. त्या बाजूला पाऊस कमी, विहिरी खोल, म्हणून गावकऱ्यांनी मिळून उपसा योजना काढली होती. ओढ्यावरच्या बंधाऱ्यातून पाणी उचलायचं, टेकडीवर टाकीत टाकायचं, तिथून सगळ्या शिवाराला सोडायचं. टेकडी किती उंच, ते आम्ही सांगायचं. त्यावर पंप ठरणार.

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या मोठ्या कामाला मिलिंद माझा असिस्टंट." मग माझ्याकडे बघून, "तूही ये रे, ह्याच्या हाताखाली शिकशील."

हाताखाली.

मी हसलो. मिलिंदच्या पाठीवर थापसुद्धा मारली. पण मनात एकच घोळत होतं. आमची बारा एकर बागायत, आमच्या आजोबांना अख्खा गाव वाकून बोलायचा, आणि मी ह्याच्या हाताखाली? लाज वाटते हे सांगताना. पण त्या दिवशी लाज वाटली नव्हती, नुसता राग आला होता, आणि तो राग मला अगदी न्याय्य वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मिलिंदने दुर्बिणीतून टेकडीच्या माथ्याचा कोन घेतला. अंतर आधीच मोजलेलं होतं. कोन आणि अंतर मिळालं की उंची निघते, शाळेतलंच गणित. हिशेब करायच्या आधी तो वर खुंटी नीट ठोकली का ते बघायला गेला. कॅल्क्युलेटर बाभळीखाली त्याच्या पिशवीवर ठेवलेला. मी शेजारी, मांडीवर वही घेऊन.

त्या खटक्याच्या तीन जागा होत्या. कोन मोजायच्या तीन रीती म्हणा. पहिलीत काटकोन नव्वदाचा, आपण शिकतो तो. दुसरी रेडियनची — तिच्यावर चुकून राहिलं तर उत्तर इतकं वेडंवाकडं येतं की शेंबडं पोरही ओळखेल. आणि तिसरी ग्रॅडची, जी आपल्याकडे कुणी कधी वापरत नाही. तिच्यात काटकोन शंभराचा. तिच्यावर राहिलं तर उत्तर दिसायला चांगलं शहाणं दिसतं, फक्त दहाव्या हिश्शाने कमी येतं. आणि खटका कुठे आहे हे पडद्यावर कुठेच उमटत नसे.

मी खटका ग्रॅडवर सरकवला.

रेडियनवर नाही. चेष्टाच करायची असती तर रेडियनवर सरकवला असता — तो चमकला असता, मला शिव्या दिल्या असत्या, दोघं हसलो असतो. मला हे माहीत होतं. त्यानेच शिकवलं होतं.

तो घाम पुसत खाली आला, बटनं दाबली, आकडा सांगितला. पन्नास मीटर आणि वर थोडं. मी वहीत लिहिला. तो पाणी प्यायला वळला तेव्हा मी खटका परत जागेवर आणून ठेवला. झालं. एवढंच. बोटाच्या नखाएवढी हालचाल, दोनदा.

तुम्ही म्हणाल, तरुण वय, एका क्षणाची चूक. थांबा.

साहेबांचा एक नियम होता. हिशेब एकाने करायचा आणि तपासायचा दुसऱ्याने — तोही यंत्रावर नाही, कोष्टकांच्या पुस्तकातून, कागदावर. तपासणाऱ्याने खाली सही करायची. त्या आठवड्यात तपासणी माझ्याकडे होती. मी खोलीवर पुस्तक उघडलं, नीट हिशेब केला. छप्पन्न आले. दोनदा केला, दोन्ही वेळा छप्पन्न. मग तो कागद स्टोव्हवर धरला आणि वहीत पन्नासाच्या आकड्याखाली सही केली. वही साहेबांकडे जायला तीन दिवस होते. तीन दिवस मिलिंद माझ्यासोबत जेवत होता. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी माझ्या ताटात वाढत होता. मी ती खाल्ली.

मला वाटलं होतं, साहेब कुठेतरी पकडतील, मिलिंदची जरा जिरेल. साहेबांनी खालची सही बघितली आणि वही पुढे पाठवली. सही असल्यावर ते कशाला बघतील? नियमच त्यासाठी होता.

वर्षभराने पंप चालू करायचा दिवस आला. मांडव घातला होता, बाया नव्या साड्या नेसून टेकडीवर आल्या होत्या. एका म्हातारीने पाण्यात सोडायला खणा-नारळाची ओटी आणली होती, ती पाइपाच्या तोंडाशीच बसली. खाली बटन दाबलं. वर आधी हवा आली, फुसफुसत. मग करंगळीएवढी धार, तीही थांबून थांबून. लोक वाट बघत राहिले. टाकीचा तळसुद्धा भिजेना. म्हातारी कितीतरी वेळ ओटी हातात धरून बसली होती, आणि मग कुणीतरी तिला उठवून खाली नेलं.

पंप सहा मीटरनी कमी पडला होता. दुसरा पंप घ्यायला त्या गावाला पुढे चार उन्हाळे लागले. त्या चार उन्हाळ्यांत कितीजणांनी जनावरं बाजारात नेली, हे मी कधी विचारलं नाही.

मिलिंदने चूक स्वतः शोधली. कॅल्क्युलेटर घेऊन खटक्याच्या तीनही जागांवर तोच हिशेब करून बघितला, आणि ग्रॅडवर वहीतला आकडा दशांशापर्यंत जुळला. मग तो साहेबांपुढे आणि गावकऱ्यांपुढे उभा राहून म्हणाला, "खटका सरकला व्हता. म्या बघितला न्हाई. चूक माजी हाये." साहेबांनी मला विचारलं, तपासलं कसं? मी म्हणालो, त्याच्याच कॅल्क्युलेटरवर, विश्वासाने. मिलिंद मध्येच बोलला, "त्याला काय बोलू नका सायेब. त्यानं माज्यावर भरवसा ठिवला."

मागे एकजण पुटपुटला, "म्हून मी म्हणत व्हतो, असल्या कामाला ह्यांची माणसं घेऊ नये." मिलिंदने ते ऐकलं. मीही ऐकलं. एकटा मीच होतो जो त्या माणसाला गप्प करू शकत होता. मी चपलेचा अंगठा सारखा करत बसलो.

मिलिंदची नोकरी गेली. मोठ्या कामावर साहेबांचा असिस्टंट मी झालो. आज नारायणगावातल्या पाटीवर माझं नाव आहे, ते तिथून आलं.

तो आता ओझरच्या रस्त्याला पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. जळालेली मोटार उघडायची, तांब्याच्या तारेचे वेढे मोजून परत भरायचे. तो वेढे तीन तीनदा मोजतो. गिऱ्हाइकं वैतागतात — विहिरीवर पीक वाळतंय आणि हा माणूस मोजतोय. लोक चेष्टेने विचारतात, "मिलिंदभाऊ, किती वेढं झालं?" तो हसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. असा तो नव्हता हो. पारावर बसून भराभर तोंडी गणितं करायचा.

तर त्या उन्हाळ्यात, मोबाइलमध्ये तो कॅल्क्युलेटर सापडल्यावर, मी आठ दिवसांनी त्याच्या दुकानात गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. खरंच ठरवलं होतं? गाडीत तर वाक्यंसुद्धा जुळवली होती. त्याचा मूळचा कॅल्क्युलेटर केव्हाच बंद पडलाय, पत्र्याच्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवलेला. मी म्हणालो, "बघ तरी काय आणलंय," आणि फोन त्याच्या हातात दिला.

त्याने चष्मा चढवला. तारेने काळी पडलेली बोटं पँटला पुसली. लाल आकडे बघून त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं. आणि सगळ्यात आधी — काहीही दाबायच्या आधी — त्याचं बोट गेलं ते वरच्या डाव्या कडेला. खटका तिथेही सरकतो. त्याने तो ग्रॅडवर नेला, परत आणला. मग तीस टाकून साइन दाबलं. अर्धा आला — खटका नव्वदाच्या जागेवर असला तरच येतो. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

"ह्ये येवढंच बघायचं व्हतं रं मला त्या दिवशी," तो म्हणाला.

तीच वेळ होती. दुकानात आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "जाऊ दे, जुनं झालं ते."

तेवढ्यात त्याची धाकटी मुलगी डबा घेऊन आली. ती यंदा डिप्लोमाला गेलीय, सिव्हिललाच. त्याने तिला बोलावून फोन दाखवला, आकडे कसे द्यायचे ते शिकवलं, मला शिकवलं होतं तसंच. मग तो खटका तिच्या बोटाने सरकवून दाखवला. "ह्यो आदी बघायचा बाई. तुज्या बापानं बघितला न्हाई आन् एका गावाचं पाणी गेलं. इचार काकांना, काका व्हते तितं."

मुलीने माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली.

मग त्याच्या फोनवरही तो कॅल्क्युलेटर उतरवून दिला, आणि चहा घेऊन निघालो. चहा त्याने मला त्याच्याच कपात दिला. रोज सकाळी दुकान उघडलं की तो आधी तीस टाकून साइन दाबतो, असं मुलगी परवा सांगत होती. अर्धा आला की मगच तारेला हात लावतो.