मठाधिपतीचा खून आणि पौर्णिमेची खीर

हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका मठात ग्रंथांच्या नकला होत, गणित शिकवलं जाई. तिथला मठाधिपती सणांच्या तारखा काढण्यात पारंगत होता. एकदा तो दूरच्या शाखेत शिस्त लावायला गेला. गणितं मांडत बसला असताना बाहेर त्याची माणसं आणि स्थानिक यांच्यात मारामारी जुंपली. तो सोडवायला धावला. कुणीतरी भाला खुपसला, त्यातच तो गेला.

बुवापाड्याच्या आमच्या बुद्धविहारात वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या ग्रंथवाचनाच्या, शेवटच्या सकाळी मी हेच सांगत होते. रोजच्या ग्रंथवाचनानंतर परदेशातल्या मठांची, विहारांची दहा मिनिटं माहिती द्यायची, हे काम माझं. भोजनदानाची यादीही माझी: तीन महिने, रोज एक घर.

भाल्यापाशी आले आणि दारात खिरीची दोन पातेली टेकली. आजचा मान आमचा, असं दोन्ही घरं म्हणू लागली.

मला तिथल्या तिथे कळलं. एका घराने 'शेवटची पौर्णिमा' सांगितली होती, दुसऱ्याने तारीख. मी दोन्ही तशीच उतरवली, कॅलेंडरशी ताडून पाहिली नाहीत. दिवस एकच निघाला.

"ताई, तुमचं फ्रान्स राहू दे, यादी वाचा!"

"यादी कशाला? ह्यांना दर वर्षी मधे घुसायचंच असतं," एका घरातला म्हणाला.

"बदलापूरला फ्लॅट घेतला म्हणून विहारपण घेतला काय रे?" दुसऱ्या घरातून त्याला उत्तर आलं.

मी नुसतीच पानं उलटत राहिले. माझ्या यादीत आजवर कुणाला चूक सापडली नव्हती.

तेवढ्यात खिरीचा डाव दुसऱ्या घरातल्या एकाच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं. एक पातेलं कलंडलं, वाफाळती खीर फ्लॅटवाल्याच्या पायांवर सांडली आणि तो गुरासारखा ओरडला. त्याच्या भावाने लोखंडी खुर्ची उचलली. विहाराचे अध्यक्ष, सत्तरीचे काका, हात पसरून मधे उभे राहिले.

"काका, मागे व्हा! चूक माझी आहे!"

कुणालाच ऐकू गेलं नाही. मी धावत जाऊन काकांना ढकललं. खुर्ची माझ्या मनगटावर आली, हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. मग सगळे थांबले, आणि मी पुन्हा तेच बोलले.

उल्हासनगरच्या दवाखान्यात फ्लॅटवाल्याला आणि मला एकाच रिक्षातून नेलं. त्याच्या पायांवर ओली साडी गुंडाळली होती.

"चूक तुम्हाला कधी कळली, ताई?" त्याने विचारलं.

"पातेली टेकली तेव्हाच."