कंबर मास्तरांची, बीपी माझं

शोभाच्या दोन्ही घोट्यांवर बॉलपेनाने निळे ठिपके काढलेले होते. पाय इतके सुजलेले की बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. आठवा महिना सरत आला होता. सोबत तिची सासू कमलाबाई, आणि सासूच्या सोबत देवतळे मास्तर.

मास्तर म्हणजे रिटायर झालेले ड्रॉइंग टीचर. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं, नागपुरात ॲक्युप्रेशरची साथ आली होती. अंगावरचे ठरावीक बिंदू दाबले की दुखणं हटतं, एवढी ती विद्या. एक शिबिर करायचं, तळपायाचा रंगीत तक्ता भिंतीला टांगायचा, झाला माणूस वैद्य. मी कुहीकडच्या खेड्यातून येऊन नर्सिंग शिकले, सरकारी वॉर्डात वर्षानुवर्षं बाळंतपणं केली, मग नागपूरच्या सदर भागात स्वतःचं छोटं मॅटर्निटी होम काढलं. मास्तरांना एक शिबिर पुरलं.

"डोकं दुखतं का?" मी शोभाला विचारलं.

"लय दुखून राहिलं, सिस्टर. डोळ्यांपुढं काजवे चमकतात."

"ते मी उतरवतो," मास्तर म्हणाले.

बीपी घेतलं. भलतंच वाढलेलं. लघवी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. एरवी ती स्वच्छ राहते. हिची दूध फाटावं तशी पांढरी झाली. त्याला आम्ही अल्ब्युमिन म्हणतो. सूज, बीपी आणि अल्ब्युमिन एकत्र आले की बाईला कधीही झटके येऊ शकतात, आणि मग आई-मूल दोन्ही हातची जातात. मी ट्यूब कमलाबाईंपुढे धरली.

मास्तरच पुढे वाकले. "पाहा! आतलं विष बाहेर पडून राहिलं. पॉइंट लागू झाला."

माझं डोकं फिरलं. "मास्तर, हे रंगवायचं चित्र नाही. हिला भरती करा. आत्ता."

"काहून?" कमलाबाई उसळल्या. "चांगली चालते-फिरते. तुमाले तं खाटा भरायच्या असतात. आमी घरीच दाबून घेऊ. उठ वं, शोभा."

शोभा उठलीही. आणखी आवाज चढवला असता तर ती दाराबाहेर गेली असती. रागात सौदा करू नये म्हणतात. मी जन्मभर रागातच केले, आणि बरे केले.

"थांबा," मी म्हटलं. "कंबर मास्तरांची, बीपी माझं. शोभा इथं राहील. माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टरीणबाई देतील त्या औषधात कोणी बोलायचं नाही. मास्तरांनी रोज यावं, कमलाबाईंना कंबर दाबायला शिकवावं. पाय बंद."

"तळपाय तरी?" मास्तर.

"नाही."

"हात?"

"एकच. दुसऱ्याला बीपीचा पट्टा लागतो."

सौदा पटला. घोट्याजवळचा तो बिंदू गरोदरपणी दाबूच नये, असं त्यांच्या विद्येतच सांगतात म्हणे. मला ते पुढे कळलं. ते शिकवलं त्या दिवशी मास्तर शिबिराला गेले नसावेत.

डॉक्टरीणबाईंनी औषधं सुरू केली. खोली अंधारी, शांत ठेवली. बीपी हटेना, तेव्हा त्यांनी कळा सुरू करून दिल्या. मास्तर पडद्याबाहेर उभे राहून हुकूम सोडत होते, "माकडहाडाच्या वर! दोन्ही खळग्यांत! अंगठ्यांनी!" कमलाबाई घामाघूम होऊन दाबत होत्या.

"आई, तिथंच. सोडू नका," शोभा कण्हत म्हणाली.

तिला आराम पडत होता, हे मी नाकारत नाही. आमच्या वॉर्डात कामाला असलेल्या आया हेच तळहाताने करत. त्यांना तक्ता लागत नसे. पण कंबर दाबून कळ सोसवते, बीपी उतरत नाही. तो पट्टा मी शेवटपर्यंत सोडला नाही. मुलगी झाली. लहानखुरी, पण खणखणीत रडली. शोभाला झटका आला नाही.

बारशाला मास्तर पुढच्या खुर्चीवर. शाल, नारळ, फोटो. मी पंगतीत. माझ्या मागेच कमलाबाई शेजारणीला सांगत होत्या, "सिस्टर बऱ्या आहेत वं. मास्तरांले येऊ देतात."

हातातला घास मी ताटात ठेवला.

काही दिवसांनी दोन गरोदर बायका माझ्या दारात. "मास्तर कधी बसतात जी?"

"बसत नाहीत. बाह्या वर करा."

दोघींनी केल्या. एकीचं बीपी वाढलेलं निघालं. तिला तिथेच ठेवून घेतलं.

त्या सौद्यात मी हात, पाय, कंबर सगळं वाटून घेतलं होतं. श्रेयाचं बोलायचं राहिलं. ज्याची वाटणी आधी ठरत नाही, ते समोरचा उचलून नेतो.