वाणात वाटला दुष्काळ

आधीच सांगते, हसायचं नाही. संक्रांतीला लोक वाणात कंगवे वाटतात, वाट्या वाटतात, चाळण्या वाटतात. मी काय वाटलं? अकरा वर्षांचं हवामान! अन् तेही कोणाच्या तरी जुन्या धोतरावरचं!

माझं माहेर बाभुळगावजवळचं. तिथं माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, बायांना जमवून एक गोधडी करत होती. अंथरायची नव्हे, ग्रामसभेत टांगायची. दर वर्षाचा एक तुकडा. पाणी बरं पडलं ते वर्ष निळं, पावसानं दडी मारली ते पिवळं, फुटलेला कापूस अवकाळीनं भिजला ते काळं. आणि लाल एकच, वहिनीचा. त्या वर्षी उन्हानं तिची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी जळाली होती. जुनी धोतरं, लुगडी फाडून, पुडीच्या रंगात बुडवून बायांनी हे तुकडे केले. प्रत्येकाला चिठ्ठी टाचली, कोणत्या वर्षी काय झालं त्याची.

एवढा खटाटोप कायले? तं गावच्या तलावातला गाळ काढा, बांधावरची झाडं तोडू नका, हे दोन ग्रामसभांत सांगून बाया थकल्या होत्या. पुरुष म्हणायचे, "पाणी कमीजास्त होतच राह्यते." वहिनी म्हणाली, "यंदा सव्वीस जानेवारीले आम्ही डोळ्यानंच दाखवतो." यवतमाळला माझ्याकडे शिलाई मशीन, म्हणून तुकडे जोडायचं काम माझ्याकडे. गाठोडं एसटीनं येणार होतं.

नेमकं त्याच दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू! ह्यांना सांगितलं होतं, बाजारातून अकरा ब्लाऊजपीस आणा. ह्यांनी स्टँडवरून गाठोडं आणलं, सोडून पलंगावर ठेवलं, आणि बाजार विसरून पेपर वाचत बसले. मी आत येऊन पाहते तर घडी घातलेली, रंगीत, मोजून अकरा कापडं! म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, आज ह्या माणसानं वेळेवर काम केलं! चष्मा ओट्यावर, बाया दारात. चिठ्ठ्या दिसल्या. किमतीच्या असतील म्हणून टाचण्यांसकट काढल्या आणि केरात टाकल्या.

"कापड किती मऊ आहे हो!" शेजारच्या गावंडेकाकू म्हणाल्या.

मऊ नसेल तर काय? दहा वर्षं कोणाच्या तरी सासऱ्यानं नेसलेलं होतं!

संध्याकाळी मी समोरच्या ढोलेबाईंकडे हळदीकुंकवाला गेले. तिनं ओटीत काहीतरी विरविरीत फडकं घातलं. घरी येऊन मी ते ओट्यावर फेकलं. "पाहा हो, माणसानं किती चिक्कू असावं! घ्या, तुमच्या डब्याला बांधायला झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन. "मंदे, गाठोडं भेटलं ना? चिठ्ठ्या सांभाळजो बाई."

मी पलंगाकडे पाहिलं. पलंग रिकामा. केराची गाडी तेव्हाच कोपऱ्यावरून वळत होती.

"भेटलं वहिनी! छान आहेत!" असं म्हणून मी फोन ठेवला अन् खालीच बसले.

आता सांगा, सवाष्णीच्या ओटीत घातलेलं परत मागायचं कसं? गावंडेकाकूंना म्हटलं, "त्या कापडाचा रंग जातो हो, दुकानदार बदलून देतोय."

"मले माहीत हाय!" काकू कडाडल्या आणि वाळत घातलेले काकांचे सात बनियन दाखवले. सातही निळे! दुपारपर्यंत सगळ्या कॉलनीत झालं, "मंदाबाई वाण परत मागून राह्यल्या!" शेवटी खरं सांगावं लागलं. धोतराचं नाव काढताच दोघीतिघींनी तुकडे दारातूनच भिरकावले. एकीनं ब्लाऊज शिवून घातलासुद्धा होता, तिच्यासमोर बसून बाह्या उसवल्या. एक तुकडा महागावला कोणाच्या नणंदेकडे पोचला होता, तिथं जाऊन आले. इकडे ह्यांची कटकट, "आजकाल भाकरीले लाल काहून लागून राह्यलं?"

"तिखट असेल! मुकाट्यानं खा!"

दहा तुकडे मिळाले. लाल तेवढा नाही. तो मी ढोलेबाईला दिला होता, पक्कं आठवत होतं. ती म्हणाली, "तो तं मी त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी ओटीत घातला. आठ जणी होत्या, आता कसं आठवू?" त्यातल्या सात जणींच्या घरी मी चकरा मारल्या. कपाटं उघडायला लावली. नाही म्हणजे नाहीच!

पंचवीसला गावी जाऊन वहिनीसमोर सगळं कबूल केलं. तिनं नुसता पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! बाकीच्या बायाच म्हणाल्या, "चिठ्ठ्या गेल्या तं जाऊ दे, वर्षं आमच्या ध्यानात हायेत." मधे एका तुकड्याची जागा रिकामी ठेवून त्यांनी हातानं टाके घातले.

सव्वीसला ग्रामसभेत गोधडी टांगली. सरपंच म्हणाले, "मधात हे भगदाड कायचं?"

"ते माई पऱ्हाटी जळाली ते साल," वहिनी म्हणाली. "ह्या माया नणंदेनं वाण म्हणून वाटून टाकलं."

सभा खदाखदा हसली. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"हसून राह्यले?" वहिनीचा आवाज चढला. "एक फडकं हरपलं तं हे बाई महागावपर्यंत पळाली. आपला तलाव दरसाल बुजून राह्यला, आपल्यातलं कोण उठलं? पाऊस आता पहिल्यासारखा राह्यला नाही. पडन तेवढं अडवाच लागन!"

मग एक हात वर झाला, मग दुसरा, मग माझ्या भावाचाही. गाळ काढायचं ठरलं, झाडांचंही ठरलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मोकळ्या मनानं जेवायला बसलो. यवतमाळहून सकाळीच आलेल्या ह्यांनी आपला डबा पुढे ठेवला. वहिनी गाठ सोडायला वाकली आणि तशीच थांबली.

"मंदे, हे काय होय?"

डब्याचं फडकं धुऊन धुऊन गुलाबी पडलेलं होतं, पण काठाला वहिनीचाच टाका होता. ढोलेबाईची आठवी बाई मीच! त्या फडक्याचा रंग मी पाहिलाच नव्हता, अन् डब्याचं बांधणं-धुणं ह्यांच्याकडे. बारा दिवस वहिनीचं वर्ष माझ्याच घरात भाकर बांधत होतं!

आता ती गोधडी पंचायतीत टांगलेली असते. तलाव पाहायला येणारे पाहुणे विचारतात, "या लाल वर्षावर हा तेलाचा डाग कायचा? त्या साली काय झालतं?"

"ते त्या सालाचं नोहे," वहिनी सांगते. "ते आमच्या नणंदेचं लोणचं होय."